मालकाच्या वतीनं
(स्थापत्य-अभियंत्यांच्या स्मृतिव्याख्यानमालेतील व्याख्यानाचा संपादित मजकूर)



संयोजकांनी मला विषय दिला होता ‘दानशूर आणि त्यांच्या वास्तू’. मी त्यांना विनंती करून तो थोडा सरकवून घेतला. दानशूरांवर बोलणारे पुष्कळ आहेत आणि त्यांची नावं संगमरवरात कोरलेलीच असतात. ठेकेदाराचं नाव बिलावर असतं, वास्तुरचनाकाराचं नकाशावर असतं. मला बोलायचंय ते या तिघांच्या मध्ये उभ्या असलेल्या माणसाबद्दल. पैसा त्याचा नाही, नकाशा त्याचा नाही, मजूर त्याचे नाहीत. तरीही पायापासून कळसापर्यंत रोज साइटवर तोच असतो, मालकाच्या वतीनं. माझा जन्म या कामात गेला. आज ज्यांच्या स्मरणार्थ आपण जमलो आहोत, त्यांचाही गेला.

हे काम नेमकं काय असतं? पुढे जे झाकलं जाणार आहे, ते झाकलं जाण्याआधी पाहणं. पाया मातीखाली जातो, सळ्या काँक्रीटमध्ये जातात, दगडामागचे धातूचे खिळे भिंतीत जातात, गच्चीवरचं वॉटरप्रूफिंग फरशीखाली जातं. उद्घाटनाला येणाऱ्या पाहुण्याला यातलं काहीच दिसत नाही. त्याला दिसतो रंग, झुंबर आणि कोनशिला. देखरेख करणाऱ्याची सही मात्र त्या न दिसणाऱ्या भागावर असते. मेजरमेंट बुकात तो मापं लिहितो ती खड्डा उघडा असताना. खड्डा बुजल्यावर ते बुक हाच पुरावा.

आणि प्रत्येकाची ओढ वेगळी असते. देणगीदाराला काम लवकर हवं, शिवाय भव्य हवं. ठेकेदाराला बिल निघायला हवं. रचनाकाराला चित्रात होतं तसंच दिसायला हवं. तिघांचंही चूक नाही. पण या तीन ओढींत इमारतीचं हित पाहणारा एक माणूस लागतो, आणि त्याच्या हाती किती अधिकार आहे यावर इमारतीचं आयुष्य ठरतं. आज मला सांगायचंय ते एवढंच: हा अधिकार त्याला स्वतःला मिळवता येत नाही. तो मालकानं द्यायचा असतो, आणि कामाच्या पहिल्या दिवशी द्यायचा असतो.

आपल्याकडे या विषयाचा आरंभ रायगडापासूनच करतात, मीही करतो. जगदीश्वराच्या मंदिराच्या पायरीवर गड बांधणाऱ्या हिरोजी इंदुलकरांचं नाव आहे. सेवेला तत्पर असलेला माणूस एवढीच त्यांची ओळख तिथे कोरलेली आहे. देवळाच्या भिंतीवरच्या मोठ्या शिलालेखात विहिरी, तळी, वाडे, बागा असा गडावरच्या कामांचा पाढा आहे. ही दोन्ही कोरीव कामं आपण सगळ्यांनी पाहिली आहेत, तेव्हा तिथे फार रेंगाळत नाही. पण हिरोजींबद्दल एक आख्यायिका सांगतात, तिच्याबद्दल मात्र बोललं पाहिजे. बांधकामाला पैसा कमी पडला, शिवाजी महाराज मोहिमेवर होते, तेव्हा हिरोजींनी स्वतःची जमीन आणि वाडा विकून काम पुरं केलं, अशी ती गोष्ट. आपण ती अभिमानानं सांगतो, टाळ्या पडतात. माझ्यासारख्या साइटवरच्या माणसाला मात्र ती ऐकताना पोटात गोळा येतो. कारण आजही कितीतरी ट्रस्टच्या कामांवर हेच चालतं: देणगीचा हप्ता लांबतो, मजुरांचा पगार शनिवारी द्यायचा असतो, आणि सुपरवायझर आपल्या खिशातून किंवा उधारीवर तो भागवतो. त्याला आपण निष्ठा म्हणतो. मी त्याला तरतुदीचा अभाव म्हणतो. ज्यानं स्वतःचे पैसे कामात घातले, त्याला ठेकेदाराला ‘हा दगड परत ने’ म्हणणं जड जातं, कारण काम थांबलं की त्याचेच पैसे अडकतात.

त्याच राज्यव्यवहाराचं नंतर रामचंद्रपंत अमात्यांनी आज्ञापत्रात सार काढलं. त्यातला दुर्गांचा भाग प्रत्येक बांधकाम-अभियंत्यानं वाचावा. गड बांधायच्या आधी तिथे पाणी आहे की नाही ते पाहा, नसेल तर खडक फोडून टाकी-तळी आधी करा, हा त्यातला क्रम. लाकडाबद्दलची ताकीदही तशीच: आंबा-फणसासारखी झाडं रयतेनं लेकरांसारखी वाढवलेली असतात, ती बळानं तोडू नका; जीर्ण झाड घ्यायचंच तर मालकाला राजी करून, मोल देऊन घ्या. म्हणजे सामान कुठून आणि कोणत्या किमतीला येतं याचा जबाब देखरेख करणाऱ्याला द्यावा लागेल, हे धन्यानं आधीच सांगून ठेवलेलं. असा लेखी हुकूम हातात असला की साइटवरच्या माणसाला बळ येतं.

आता अहिल्याबाई होळकरांकडे येऊ. १७६७ ते १७९५ या काळात महेश्वरी बसून त्यांनी काशी, गया, सोमनाथ, वेरूळ अशा कितीतरी ठिकाणी कामं केली. काशीचं विश्वनाथ मंदिर १७८०चं, गयेचं विष्णुपद १७८७चं. यातली कित्येक ठिकाणं महेश्वरपासून शेकडो मैल लांब. आणि काशी-गया ही दोन्ही होळकरांच्या राज्यातली नव्हती. बनारसला राजा होता आणि त्याच्यावर कंपनी होती. गया तर १७६५ पासून कंपनीच्या दिवाणीतल्या मुलखात. म्हणजे तिथे बाईंची फौज नव्हती, कोतवाल नव्हता. होता तो पैसा आणि पाठवलेली माणसं. परक्या मुलखात जागा मिळवायची, तिथल्या पंडे-पुजाऱ्यांशी जमवून घ्यायचं, दगड आणवायचा, पाथरवट बसवायचे, आणि हे सगळं ज्या धनिणीच्या नावानं करायचं ती कधी पाहायला येणार नाही हे धरून करायचं.

विष्णुपदाच्या अष्टकोनी मंदिराचे काळसर दगड लोखंडी पट्ट्यांनी एकमेकांत जखडलेले आहेत. या पट्ट्या दर्शनाला येणाऱ्याला दिसत नाहीत. त्या बसवल्या की नाहीत, दोन दगडांमध्ये एक गाळली की काय, हे महेश्वरात बसून कळायला कोणताच मार्ग नव्हता. ते कळलं असेल ते फक्त तिथे उभ्या असलेल्या माणसाला. त्यानं आपलं काम चोख केलं, याचा दाखला म्हणजे सव्वादोनशे वर्षांहून अधिक काळ पिंडदानाची गर्दी सोसत उभं राहिलेलं ते मंदिर.

हे साधलं कसं? बाईंच्या भक्तीबद्दल आपण खूप बोलतो, त्यांच्या हिशेबाबद्दल कमी. होळकरांच्या घरात ‘खासगी’ आणि ‘दौलत’ असे दोन वेगळे जमाखर्च होते. १७३४ मध्ये पेशव्यांनी अहिल्याबाईंच्या सासूबाई गौतमाबाई होळकरांच्या नावे खासगीची जहागीर करून दिली. पुढे ती अहिल्याबाईंकडे आली. दौलतीचा पैसा फौजेला आणि राज्याला, खासगीचा बाईंच्या मर्जीला. धर्मकार्यांचा खर्च त्यांनी या खासगीतून चालवला. माझ्या लेखी याचा अर्थ असा की मोहीम निघाली म्हणून घाटाचं काम बंद पडायला नको, अशी सोय त्या व्यवस्थेतच होती. दुसरं म्हणजे देऊळ बांधून त्या थांबल्या नाहीत. नित्यपूजा, अन्नछत्र, दूरदूरच्या देवस्थानांना कावडीनं गंगाजल पोचवणं, यांच्या नेमणुका लावून दिल्या. इमारत पुरी झाली की देखरेखही संपली, असं त्यांनी मानलंच नाही.

आणि देखरेख सुटली की काय होतं, हेही याच कथेत आहे. संस्थानं विलीन झाल्यावर खासगीच्या मालमत्तांसाठी १९६२ मध्ये ट्रस्ट झाला. पुढे हरिद्वारच्या कुशावर्त घाटाच्या विक्रीवरून वाद उसळला, प्रकरण मध्य प्रदेश उच्च न्यायालयातून सर्वोच्च न्यायालयात गेलं, आणि २०२२ मध्ये न्यायालयानं या ट्रस्टला सार्वजनिक न्यास म्हणून रीतसर नोंदणी करायला सांगितलं. अठराव्या शतकातल्या एका दात्रीच्या घाटांचा हिशेब एकविसाव्या शतकात कोर्टात मागावा लागला.

आता मुंबईला या. विद्यापीठाच्या फोर्ट आवाराजवळून तुम्ही शेकडो वेळा गेला असाल. राजाबाई टॉवर ८५ मीटर उंच आहे. या एका इमारतीत आपल्या विषयाचं सगळं सार आहे, म्हणून इथे जरा थांबतो.

अमेरिकेत १८६१ मध्ये यादवी सुरू झाली, तिकडचा कापूस इंग्लंडला मिळेनासा झाला, आणि मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला. त्या पैशाच्या पुरात सर्वांत उंच लाटेवर होते प्रेमचंद रायचंद. १८६४ मध्ये त्यांनी मुंबई विद्यापीठाला ग्रंथालयासाठी दोन लाख दिले, आणि मग घड्याळाच्या मनोऱ्यासाठी आणखी दोन लाख. मनोऱ्याला आईचं, राजाबाईंचं, नाव द्यावं ही इच्छा. पुढच्या वर्षी युद्ध थांबलं, कापूस कोसळला, बॅकबे रेक्लमेशन कंपनीच्या शेअरचे कागद रद्दीच्या मोलाचे झाले, आणि जुलै १८६५ मध्ये मुंबईतल्या कितीतरी पेढ्यांसोबत प्रेमचंदही बुडाले. विद्यापीठाच्या हवाली झालेली रक्कम मात्र शाबूत होती.

नकाशे केले सर जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट यांनी, लंडनमध्ये बसून. स्कॉट हिंदुस्थानात कधी आलेच नाहीत. पायाभरणी झाली १८६९ च्या मार्चमध्ये, काम पुरं झालं १८७८ च्या नोव्हेंबरमध्ये, आणि त्याच वर्षी मार्चमध्ये स्कॉट वारले होते. खर्च गेला साडेपाच लाखांच्या आसपास. म्हणजे पाहा: दात्याचं दिवाळं निघालेलं, रचनाकार सात समुद्रांपलीकडे, तोही काम संपायच्या आधी गेलेला. मग हे साडेनऊ वर्षं कोणी ओढलं? सरकारी बांधकाम खात्याच्या अभियंत्यांनी. आणि त्यांत प्रत्यक्ष जागेवर असलेले सहायक अभियंता होते रावबहादूर मुकुंद रामचंद्र.

या गृहस्थांबद्दल आपल्याकडे जवळजवळ कुणीच बोलत नाही. पण टॉवर पुन्हा पाहायला जाल तेव्हा दुर्बीण घेऊन जा. वरच्या भागात कोनाड्यांतून माणसांच्या २४ आकृत्या उभ्या आहेत. त्या पश्चिम हिंदुस्थानातल्या जातीजमातींच्या आहेत. त्यांचे नमुने घडवले मुकुंद रामचंद्रांनी. कुर्ल्याच्या पिवळसर दगडात बांधलेला, मध्ययुगीन युरोपच्या धाटणीचा हा मनोरा; त्याच्या माथ्यावर इथल्याच रस्त्यांवरून हिंडणारी माणसं, आपापल्या पागोट्यांनिशी. लंडनच्या नकाशाला हा भाग मुंबईत चिकटला, आणि तो चिकटवला साइटवरच्या माणसानं. पागोटं कुणाचं कसं बांधलेलं असतं, धोतराचा काचा कुठे खोचलेला असतो, हे ठरवायला इथलाच डोळा लागतो.

सांगायचा मुद्दा हा की हे करायला त्यांना वाव मिळाला. दाता रोज येऊन मिशीवर बोट ठेवून ‘इथे माझा पुतळा बसवा’ म्हणणारा नव्हता. पैसा संस्थेच्या ताब्यात होता, हिशेब खात्याच्या पद्धतीनं लिहिला जात होता, आणि जागेवरच्या अभियंत्याच्या हातात कलेचाही काही भाग सोपवलेला होता. त्याच शिस्तीचा एक नमुना शेजारीच आहे. हायकोर्टाची इमारत १८७१ ते १८७८ या काळात झाली. मंजूर अंदाज १६,४७,१९६ रुपयांचा. प्रत्यक्ष खर्च त्याहून २,६६८ रुपये कमी. आज हा आकडा कुठल्याही कार्यकारी अभियंत्याला ऐकवा, तो खुर्चीवरून उठून उभा राहील.

याच परंपरेतले दुसरे एक गृहस्थ सीताराम खंडेराव वैद्य. व्हिक्टोरिया टर्मिनसच्या बांधकामावर रचनाकार फ्रेडरिक स्टीव्हन्स यांच्या हाताखाली देखरेखीला होते. नंतर जमशेटजी टाटांच्या ताजमहाल हॉटेलचा आराखडा त्यांनी केला. १९०० मध्ये, काम अर्ध्यावर असताना, ते वारले आणि पुढचं काम डब्ल्यू. ए. चेंबर्स या इंग्रज रचनाकारानं तडीस नेलं. हॉटेल उघडलं डिसेंबर १९०३ मध्ये.

ताजबद्दलची दंतकथा तुम्हाला ठाऊक असेल. रचनाकार विलायतेला गेला, परत येऊन पाहतो तर हॉटेल उलटं बांधलेलं, समुद्राकडे पाठ. त्यानं म्हणे वरून उडी टाकून जीव दिला. यात तथ्य नाही. प्रवेशद्वार शहराच्या बाजूला होतं ते ठरवूनच, गाड्या तिकडून येणार म्हणून. आणि इमारतीच्या दोन बाहूंमध्ये समुद्राचा वारा शिरावा अशी तिची मांडणी. पण खोटी गोष्टसुद्धा काहीतरी सांगत असते. ही गोष्ट रचणाऱ्याच्या मनात एक भीती पक्की बसलेली होती: नकाशा देऊन मालक आणि रचनाकार निघून गेले, आणि जागेवर पाहणारं कुणी नसलं, की इमारत उलटी होते.

आता थोडं माझ्या अनुभवातलं. एका तालुक्याच्या गावी एका उद्योगपतीनं वडिलांच्या नावानं सभागृह बांधायला दिलं होतं. त्यांच्या वतीनं मी पाहत होतो. समोरच्या पोर्चला सहा मीटरपेक्षा मोठ्या गाळ्याची तुळई होती. काँक्रीट घालायला पावसानं उशीर झाला, आणि तिकडे मालकांनी वडिलांच्या पुण्यतिथीला त्याच पोर्चखाली समारंभ जाहीर करून टाकला. पत्रिका छापल्या, मंत्री ठरले. सहा मीटरपेक्षा मोठ्या तुळईखालचे टेकू किमान २१ दिवस काढू नयेत, असं भारतीय मानकच सांगतं. तारीख त्याच्या आत येत होती. ठेकेदाराचं म्हणणं, ‘साहेब, वर कुठे हत्ती नाचणार आहे?’ मालकांचं म्हणणं, ‘तुम्हाला मी ठेवलंय की त्या पुस्तकानं?’

मी टेकू काढू दिले नाहीत. शेवटी समोरच्या मैदानात मांडव घातला आणि पोर्चचे टेकू निमंत्रितांसमोर जसेच्या तसे उभे राहिले, शटरिंगच्या फळ्यांसकट. फोटो काही चांगले आले नाहीत. त्या मालकांनी मला पुढे कुठल्याही कामाला बोलावलं नाही. माझ्या नेमणुकीच्या पत्रात एक ओळ होती, ‘गुणवत्तेबाबत प्रतिनिधीचा निर्णय अंतिम राहील’. ती त्यांनी स्वतःच्या सहीनं दिली होती, बहुधा न वाचता. त्या ओळीवर मी तगलो. ती नसती तर ठेकेदारानं माझं ऐकायचं काही कारण नव्हतं.

आता स्मारकांबद्दल. पुतळ्यांची देखरेख ही इमारतीपेक्षा अवघड. इमारतीत चूक झाली तर भिंतीला तडा जाऊन ती आधी बोलते. पुतळ्याचा सांगाडा आत असतो, बाहेरून ब्राँझचं कवच. वेल्डिंग कसं झालं, नटबोल्ट कोणत्या पोलादाचे, खारा वारा आत कुठून शिरतो, हे बाहेरून कळत नाही. मालवणच्या राजकोटावर ४ डिसेंबर २०२३ रोजी शिवाजी महाराजांच्या पुतळ्याचं अनावरण झालं आणि २६ ऑगस्ट २०२४ रोजी तो कोसळला. नऊ महिनेही झाले नव्हते. महाराष्ट्रातल्या प्रत्येक माणसाला त्या दिवशी लाज वाटली. त्यात आमच्या व्यवसायाला जास्त झोंबणारी गोष्ट ही की नटबोल्ट गंजत असल्याचं पत्र बांधकाम खात्याच्या अभियंत्यानं काही दिवस आधीच लिहिलं होतं. म्हणजे पाहणारा होता, त्याला दिसलंही होतं. पण नुसतं पत्र लिहून भागत नाही. परिसर बंद करा, टेकू द्या, सांगाडा उघडून तपासा, असा हुकूम देण्याचा अधिकार अशा वेळी कुणाकडे असावा, हे आधीच ठरलेलं असायला हवं.

इथे कुणी म्हणेल, देखरेख करणाऱ्याला एवढा अधिकार दिला आणि तोच ठेकेदाराला सामील झाला तर? रास्त प्रश्न आहे. होतात तसे, मी पाहिलेत. म्हणून अधिकाराबरोबर उघडा हिशेब हवा. मापाचं बुक, सिमेंटच्या साठ्याची नोंद, काँक्रीटच्या सात आणि अठ्ठावीस दिवसांच्या क्यूब-चाचण्यांचे निकाल, हे सगळं देणगीदारालाच नव्हे, तर ज्या संस्थेसाठी वास्तू उभी राहतेय तिलाही पाहता आलं पाहिजे. अधिकार एकाचा आणि डोळे अनेकांचे, ही जुनीच रीत आहे. आपण अनेकदा याच्या उलट करतो: अधिकार अनेकांचा ठेवतो आणि डोळे कुणाचेच ठेवत नाही.

या सभागृहात देणगी देणारी माणसं बसली आहेत, काही भावी देणगीदारही असतील. त्यांना माझी हात जोडून विनंती आहे. देणगीपत्र करताना नाव कुठे, किती इंचांच्या अक्षरांत कोरायचं, यावर वकील अर्धा दिवस घालवतात. त्यातला थोडा वेळ पुढच्या गोष्टींना द्या. काम सुरू व्हायच्या आधी निदान पहिल्या टप्प्याची पूर्ण रक्कम संस्थेच्या खात्यात टाका, म्हणजे कुणा सुपरवायझरला घर विकावं लागणार नाही. तुमच्या प्रतिनिधीला काम थांबवण्याचा अधिकार लेखी द्या, आणि तो तुमच्याविरुद्धही चालेल असं त्यात स्पष्ट लिहा. उद्घाटनाची तारीख त्याला विचारून ठरवा. आणि एकूण रकमेतला एक भाग इमारतीच्या निगराणीसाठी बाजूला ठेवा. त्याच्या व्याजावर गच्ची दरवर्षी पाहिली जाईल, गळती वेळेवर थांबेल. राजाबाई टॉवरच्या जीर्णोद्धाराला टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसनं पैसा दिला, २०१५ मध्ये ते काम पुरं झालं. चांगलं झालं. पण प्रत्येक गावच्या सभागृहाला असा दुसरा दाता मिळत नाही.

तरुण अभियंत्यांना एकच सांगतो. नेमणुकीचं पत्र हातात आलं की पगाराचा आकडा नंतर वाचा. तुमच्या अधिकाराचं कलम आधी शोधा. ते नसेल तर मागा. दिलं नाही, तर त्या कामावर जाऊ नका. कारण खड्डा बुजल्यावर सही तुमचीच राहणार आहे.